मुलीच्या वांट्याचें घड्याळ

अमेरिकेंत १९१३ सालच्या सुमारास एका सुशिक्षित कुटुंबांत घडलेली ही गोष्ट आहे. घरांतील सात वर्षांच्या मुलीला गजराचें घड्याळ आंतून कसें चालतें हें पाहण्याची इच्छा झाली. तिनें एक घड्याळ उघडलें. त्याचीं चक्रें भराभर बाहेर आलीं, पण तीं पुन्हां जागच्या जागीं बसेनात. तेव्हां मूळची मांडणी कशी होती हें समजावें म्हणून तिनें दुसरें घड्याळ उघडलें, मग तिसरें. आणि असें करतां करतां घरांतील सातहि घड्याळें उघडून झालीं. आईनें तो पसारा पाहिला. अशा प्रसंगीं बहुतेक घरांत पुढें काय होतें हें सांगावयास नको. या आईनें मात्र मुलीला येवढेंच बजावलें, कीं यापुढें खोलण्यासाठीं तुला एकच घड्याळ मिळेल.

ही मुलगी पुढें ग्रेस हॉपर या नांवानें प्रसिद्धीस आली. हॉपरबाईंनीं १९३४ सालीं येल विद्यापीठांतून गणिताची डॉक्टरेट मिळविली. दुसरें महायुद्ध चालू असतां त्या अमेरिकेच्या नौदलांत दाखल झाल्या, आणि १९४४ सालीं हार्वर्ड विद्यापीठांतील 'मार्क १' नांवाच्या ५१ फूट लांबीच्या गणकयंत्रावर काम करूं लागल्या. त्या काळीं यंत्राला द्यावयाच्या आज्ञा अंकांच्या रूपानें लिहाव्या लागत. माणसाला कळणाऱ्या शब्दांत आज्ञा लिहाव्या आणि त्यांचें अंकांत रूपांतर यंत्रानेंच करावें, ही कल्पना हॉपरबाईंनीं मांडली, तेव्हां ती पुष्कळांना पटेना. १९५२ सालीं त्यांनीं त्या दिशेनें पहिलें पाऊल टाकलें. पुढें इंग्रजी शब्दांत आज्ञा लिहिण्याची एक भाषाच सिद्ध केली. १९५९ सालीं जिची आखणी सुरू झाली ती 'कोबोल' नांवाची संगणकभाषा बव्हंशीं याच पायावर उभी राहिली, आणि बँकांचे व सरकारी खात्यांचे हिशेब तिनें अनेक दशकें वाहिले. वयाच्या ७९ व्या वर्षीं, १९८६ सालीं, हॉपरबाई नौदलांतून रिअर ॲडमिरल या हुद्द्यावरून निवृत्त झाल्या.

घड्याळ खोलणारी प्रत्येक मुलगी हॉपरबाई होईल असें अर्थातच नाहीं. परंतु ज्या मुलीला घड्याळ खोलूंच दिलें नाहीं, तिच्या अंगीं काय होतें हें कोणालाच कधीं कळत नाहीं. तिला स्वतःलाहि नाहीं. मुलींच्या बुद्धीला यंत्रविद्या झेपते कीं नाहीं, यावर आजवर वाद पुष्कळ झाले. वस्तुतः बुद्धीचा प्रश्न पुढें येण्यापूर्वींच घराघरांतून एक निर्णय होऊन गेलेला असतो. घड्याळ कोणाच्या हातीं द्यावयाचें, हा तो निर्णय होय. आज घड्याळाच्या जागीं संगणक आला आहे; निर्णय मात्र पुष्कळदां पूर्वींसारखाच, कोणी कांहीं न बोलतां, होत असतो.

संगणकाला आज्ञा लिहून देण्याच्या विद्येला आजचीं मुलें 'कोडिंग' म्हणतात. नांव परकें असलें तरी वस्तु परकी नाहीं. स्वेटर विणणाऱ्या गृहिणीसमोरचा नमुन्याचा कागद पाहावा. दोन टांके सुलट, दोन उलट, असें ओळ संपेपर्यंत करावें. अशा ओळी ठराविक लांबी भरेपर्यंत विणाव्या. लांबी भरली म्हणजे काखेसाठीं दोन्ही बाजूंचे टांके कमी करावे. यांत एकामागून एक करावयाच्या कृति आहेत, त्यांची पुनरावृत्ति आहे, आणि अमुक झालें म्हणजे तमुक करावें ही अट आहे. बँकेचा हिशेब ठेवणारी आज्ञावली असो कीं आगगाडीचीं तिकिटें देणारी असो, तिची घडण मुळांत याच तीन गोष्टींची असते. विणतांना एक टांका गळाला तर पुढें चार ओळींनीं नक्षी बिघडलेली दिसते, आणि मग ओळीमागून ओळ उसवून चूक कोठें झाली तें शोधावें लागतें. आज्ञावलींतील चूक शोधण्याचें कामहि असेंच चिकाटीचें आहे. जी मुलगी हें विणकाम समजूं शकते, तिला कोडिंग समजणार नाहीं असें म्हणण्यास आधार कोणता?

विणकामाचें हें साम्य आजचें नव्हे. आज ज्या इंग्रज बाईंची गणना पहिल्या आज्ञावलीकारांत होते, त्या एडा लव्हलेस यांच्या लक्षांत तें १८४३ सालींच आलें होतें. त्या काळीं चार्ल्स बॅबेज या गणितज्ञानें एका मोठ्या गणकयंत्राची योजना केली होती. रेशमी कापडावर वेलबुट्टी काढणारा जाकार्डचा माग जसा छिद्रें पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या हुकमानें चालतो, तसें हें यंत्र चालावयाचें होतें. त्यावरील एका फ्रेंच लेखाचें लव्हलेसबाईंनीं इंग्रजींत भाषांतर केलें आणि त्याला मूळ लेखाच्या सुमारें तिप्पट लांबीच्या टिपा जोडल्या. बर्नुली संख्या या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या संख्या यंत्राकडून क्रमाक्रमानें कशा काढून घ्याव्या, याची पद्धत शेवटच्या टिपेंत दिलेली आहे. बॅबेजचें तें यंत्र कधींच पुरें झालें नाहीं. पण त्याच्यासाठीं लिहिलेल्या आज्ञा मात्र मागें राहिल्या. मुलीनें गणित शिकलेंच पाहिजे असा लव्हलेसबाईंच्या आईचा कटाक्ष होता, ही गोष्ट येथें ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

यानंतर सुमारें शंभर वर्षांनीं अशा आज्ञा प्रत्यक्ष राबविणारीं यंत्रें उभीं राहिलीं, तेव्हांहि तें काम बऱ्याच अंशीं स्त्रियांच्याच हातीं होतें. दुसऱ्या महायुद्धांत तोफेचा गोळा कोणत्या कोनानें डागला असतां कोठें पडेल, याचीं कोष्टकें करण्यासाठीं अमेरिकन सैन्यानें गणित शिकलेल्या अनेक तरुणी नेमल्या होत्या. एका गोळ्याचा मार्ग हातानें मोजावयास तीस तासांहूनहि अधिक वेळ लागे. हा वेळ वांचावा म्हणून पेनसिल्व्हेनिया विद्यापीठांत 'एनिॲक' नांवाचें यंत्र बांधण्यांत आलें. त्यांत सुमारें १८,००० निर्वात नळ्या होत्या आणि त्याचें वजन सुमारें ३० टन भरत असे. त्याला आज्ञा देण्यासाठीं सहा तरुणींची निवड झाली. त्यांचीं नांवें कॅथलीन मॅकनल्टी, जीन जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान्सिस बिलास आणि रूथ लिक्टरमन. त्या वेळीं संगणकाची कोणतीहि भाषा नव्हती कीं शिकविणारें पुस्तक नव्हतें. प्रारंभीं तर त्यांना यंत्राच्या दालनांत जाण्याचीहि परवानगी नव्हती. केवळ नकाशे पाहून त्यांनीं यंत्राची रचना समजून घेतली, आणि मग तारा जोडून व कळी फिरवून तें गणित त्याच्याकडून करवून घेतलें. १९४६ सालच्या फेब्रुवारींत एनिॲकचें जाहीर प्रात्यक्षिक झालें, तेव्हां गोळ्याला लक्ष्यापर्यंत पोहोंचावयास जेवढा वेळ लागतो त्याहूनहि कमी वेळांत यंत्रानें उत्तर दिलें.

प्रात्यक्षिकाच्या रात्रीं मेजवानी झाली. तिचें आमंत्रण या सहाजणींना नव्हतें. वर्तमानपत्रांतून यंत्राचीं छायाचित्रें झळकलीं आणि तें बांधणाऱ्या पुरुषांचें कौतुक झालें, तें योग्यच होतें. परंतु त्याच्याशेजारीं उभ्या असलेल्या स्त्रिया कोण, हें कोणी विचारलें नाहीं. सुमारें चाळीस वर्षांनीं एका विद्यार्थिनीनें तीं छायाचित्रें पाहून चौकशी केली, तेव्हां यंत्र शोभून दिसावें म्हणून उभ्या केलेल्या त्या बाया असाव्या असें उत्तर तिला मिळालें. पुढें तिनेंच त्यांचा शोध लावला, आणि १९९७ सालीं या सहाजणींचा जाहीर सन्मान झाला. पन्नास वर्षें एखाद्या विद्येच्या इतिहासांत मुलींना आपली माणसें दिसलींच नाहींत, तर ही विद्या आपली नव्हे असें त्यांना वाटल्यास नवल काय?

मनुष्य चंद्रावर उतरला त्या मोहिमेंतहि असाच एक प्रसंग घडला. अपोलो यानांतील संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्या गटाच्या प्रमुख मार्गारेट हॅमिल्टन या होत्या. त्या आपल्या लहान मुलीला कधीं कधीं प्रयोगशाळेंत घेऊन येत. एकदां ती मुलगी यानाच्या नमुन्याशीं खेळत असतां, उड्डाणापूर्वीं चालवावयाची आज्ञावली तिनें उड्डाण चालू असतांनाच सुरू केली आणि सारा कारभार कोसळला. असा धोका टाळण्याची सोय आज्ञावलींत करावी असें हॅमिल्टनबाईंनीं सुचविलें. शिकून तयार झालेले अंतराळवीर अशी चूक करणार नाहींत, असें सांगून ती सूचना बाजूस ठेवण्यांत आली. १९६८ सालच्या डिसेंबरांत अपोलो ८ चंद्राहून परतत असतां एका निष्णात अंतराळवीराकडून नेमकी तीच चूक घडली, आणि दिशादर्शनाची पुसली गेलेली माहिती पृथ्वीवरून पुन्हां पाठवावी लागली. मुलीच्या खेळानें जें दाखविलें होतें, तें मोठ्यांच्या आत्मविश्वासाला दिसलें नव्हतें.

मग ज्या विद्येचा आरंभ असा झाला, ती पुरुषांची कशी झाली? अमेरिकेंत १९८४ सालच्या सुमारास संगणकशास्त्राच्या दर शंभर पदव्यांपैकीं ३७ पदव्या मुली मिळवीत होत्या. त्यानंतर हा आंकडा उतरत गेला, आणि २०१० सालच्या सुमारास तो १८ वर आला. या पंचवीस वर्षांत मुलींची बुद्धि निम्म्यानें घटली असें कोणी म्हणणार नाहीं. कारणें एकाहून अधिक असतील; परंतु त्यांतील एक घराच्या उंबरठ्याच्या आंतलें आहे. त्याच सुमारास घरीं ठेवण्याजोगे लहान संगणक बाजारांत आले. त्यांच्या जाहिरातींत बहुधा मुलगे असत. त्यांवरील खेळ मुलग्यांना आवडतील असे केलेले असत. आणि वडील संगणक विकत घेत तो पुष्कळदां मुलाच्या खोलींत ठेवला जाई. बहिणीला कोणी मना केली नव्हती. पण यंत्र भावाच्या खोलींत, आणि तिनें तेथें जावयाचें तें त्याची परवानगी घेऊन. पुढें दोघें महाविद्यालयांत गेलीं, तेव्हां भावाच्या गांठीं पांच-सहा वर्षांचा सराव होता. वर्गांत ज्याला सराव तो हुशार ठरला, आणि जिला सराव नाहीं तिनें मानलें, कीं आपल्यालाच हें जमत नाहीं.

हें नुसतें अनुमान नव्हे. कार्नेगी मेलन नांवाच्या नामांकित अमेरिकन विद्यापीठांत १९९५ सालीं संगणकशास्त्राच्या पहिल्या वर्षांत शंभरांत अवघ्या ७ मुली होत्या. जेन मार्गोलिस आणि ॲलन फिशर या दोघां अभ्यासकांनीं तेथील विद्यार्थ्यांशीं चार वर्षें बोलून याचीं कारणें शोधलीं, आणि घरांतील यंत्राची हीच हकीकत त्यांच्यापुढें पुन्हां पुन्हां आली. विद्यापीठानें मग प्रवेशाच्या वेळीं पूर्वींच्या सरावाला दिलें जाणारें महत्त्व कमी केलें; ज्यांना सराव नाहीं त्यांच्यासाठीं वेगळा प्रारंभिक वर्ग काढला; आणि शाळांतील शिक्षकांनाहि या बाबतींत जागें केलें. २००० सालीं त्याच वर्गांत मुलींचें प्रमाण शंभरांत ४२ झालें. पांच वर्षांत मुली बदलल्या नाहींत, दार बदललें.

आपल्याकडे काय स्थिति आहे? गांवोगांवच्या महाविद्यालयांतून संगणकाचा अभ्यास करणाऱ्या मुली पुष्कळ दिसतात, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु आय. आय. टी. सारख्या संस्थांतून २०१७ पर्यंत पदवीच्या वर्गांत मुली शंभरांत दहाच्या आसपासच असत. २०१८ पासून तेथें मुलींसाठीं जादा जागा निर्माण करण्यांत आल्या. मुलग्यांची एकहि जागा कमी न करतां २०२० पर्यंत मुलींचें प्रमाण शंभरांत २० पर्यंत न्यावें, असें धोरण ठरलें. शाळेच्या बाबतींत २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें मधल्या इयत्तांपासूनच मुलामुलींना कोडिंगची ओळख करून देण्याचें सुचविलें आहे. सरकार दार उघडील; पण घरांतील यंत्राचें काय? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी २०१९ ते २०२१ या काळांत झाली. तीमध्यें १५ ते ४९ वर्षें वयाच्या स्त्रियांपैकीं इंटरनेट कधींहि वापरलें आहे असें सांगणाऱ्या शंभरांत ३३ निघाल्या, आणि पुरुष ५७. हा फरक महाविद्यालयांत पडलेला नाहीं. तो स्वयंपाकघर आणि ओसरी यांच्यामध्यें पडलेला आहे.

या बाबतींत महाराष्ट्राला परकी उदाहरणें शोधीत बसण्याचें कारण नाहीं. १८४८ सालीं पुण्यांत फुले दांपत्यानें मुलींची शाळा काढली, तेव्हां मुलीच्या हातीं पाटी देणें हेंच साहस होतें. १९३३ सालीं कमला भागवत, म्हणजे पुढील कमलाबाई सोहोनी, यांना बंगळूरच्या विज्ञान संस्थेंत केवळ मुलगी म्हणून प्रवेश नाकारण्यांत आला. त्या हटल्या नाहींत. वर्षभराच्या कसोटीच्या अटीवर आंत शिरल्या, आणि १९३९ सालीं केंब्रिजच्या डॉक्टरेटपर्यंत पोहोंचल्या. त्यांचे वडील व काका दोघेहि रसायनशास्त्र शिकलेले होते, म्हणजे ती विद्या मुलीला घरांतच भेटली होती. महर्षि कर्वे यांनीं १९१६ सालीं महिला विद्यापीठ स्थापिलें. आणि त्यांनीं लावलेल्या हिंगण्याच्या रोपट्यालाच १९९१ सालीं मुलींच्या स्वतंत्र अभियांत्रिकी महाविद्यालयाची फांदी फुटली. पाटीपासून यंत्रापर्यंतचा हा रस्ता येथल्या माणसांनीं स्वतःच्या पायांनीं तुडविलेला आहे.

कोणी म्हणेल, मुलींनीं हें न शिकल्यानें असें काय बिघडणार आहे? त्याचें उत्तर २०१८ सालीं अमेरिकेंत झालेल्या एका पाहणीनें दिलें आहे. चेहरा पाहून स्त्री कीं पुरुष हें ओळखणाऱ्या तीन मोठ्या कंपन्यांच्या आज्ञावली जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू या दोन अभ्यासक स्त्रियांनीं तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतींत चूक शंभरांत एकदांहि होत नव्हती. सांवळ्या व काळ्या स्त्रियांच्या बाबतींत मात्र ती एका आज्ञावलींत शंभरांत ३४ हून अधिक वेळां झाली. यंत्राला ज्यांचे चेहरे पुरेसे दाखविले गेले नव्हते, त्यांना तें ओळखूं शकलें नाहीं. आणि हें ज्यांनीं शोधून काढलें त्या स्त्रियाच होत्या. उद्यां नोकरीचे अर्ज निवडण्याचें, कर्ज मंजूर करण्याचें, रोग ओळखण्याचें काम जर यंत्र करणार असेल, तर त्याला शिकविणाऱ्यांत आपल्या मुली असणें ही हौसेची बाब राहत नाहीं.

दुसरा आक्षेप अलीकडचा आहे. आतां यंत्रच आज्ञावली लिहूं लागलें आहे; मग मुलीनें त्यांत डोकें शिणवावें कशाला? गणकयंत्र आलें म्हणून हिशेब समजण्याची गरज संपली नाहीं. उलट चुकीचा आंकडा आला तर तो चुकीचा आहे हें ओळखणाराच फसगतींतून वांचला. यंत्रानें लिहिलेली आज्ञावली बरोबर आहे कीं नाहीं हें ज्याला वाचून कळतें, तो यंत्राचा धनी. ज्याला कळत नाहीं, तो त्याचा आश्रित. मुलीला यांपैकीं कोणती जागा द्यावयाची, हें घरानें ठरवावें. तिसरी अडचण भीतीची आहे. इंटरनेटवर भलतेंसलतें असतें म्हणून पुष्कळ घरांतून मुलीच्या हातीं यंत्र देत नाहींत. भीति खोटी नाहीं. परंतु रस्त्यावर गाड्या असतात म्हणून मुलीला चालावयास शिकवूं नये असें कोणी म्हणत नाहीं. हात धरून रस्ता ओलांडावयास शिकवितात.

तात्पर्य, कराव्याच्या गोष्टी थोड्या आहेत. घरांत एकच संगणक असेल तर तो बैठकीच्या खोलींत ठेवावा, आणि बहीण-भावांचे तास कागदावर लिहून भिंतीला लावावे. मुलीच्या तासांत तिला पाणी भरावयास किंवा पाहुण्यांना चहा द्यावयास उठवूं नये. घरीं संगणक नसला तरी अडत नाहीं. पोहे कसे करावे याच्या कृति मुलीनें कागदावर लिहाव्या, आणि त्या वाचून वडिलांनीं लिहिलें असेल तेवढेंच करावें. कांदा सोलावा असें लिहावयाचें राहून गेलें तर वडिलांनीं तो सालासकट चिरावा. घर हंसेल, आणि मुलीला कळेल कीं यंत्र आपल्या मनांतलें ओळखीत नसतें. त्याला सारें सांगावें लागतें. या एका संध्याकाळीं कोडिंगचा पहिला धडा पुरा होतो. पुढें 'स्क्रॅच' आणि 'पायथन' यांसारखीं साधनें विनामूल्य मिळतात. आणि तिची पहिली आज्ञावली चालली नाहीं, तर ती कामगिरी भावाकडे सोंपवूं नये. चूक शोधावयाला तिला वेळ द्यावा. कारण शिकणें जें काय होतें तें त्याच वेळांत होतें.

सात घड्याळांचा पसारा पाहून त्या आईला राग आला नसेल असें नाहीं. सहा घड्याळें तिनें परत घेतलीं. घरांत वेळ कळली पाहिजे, हेंहि खरेंच होतें. पण एक घड्याळ तिनें मुलीच्या वांट्याला ठेवलें. प्रत्येक घरानें येवढें केलें तरी पुरे आहे.